चालू दाव्यात वकील बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोर्टात तुंबलेल्या दाव्यांवर वृत्तपत्रांत पुष्कळ लिहून येते. पण एका प्रसंगी पक्षकार आपल्याच हाताने आपला दावा अडवून ठेवतो, त्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. तो प्रसंग म्हणजे दावा चालू असताना वकील बदलणे. आम्ही तालुका आणि जिल्हा न्यायालयांत दिवाणी-फौजदारी कामे करणारे वकील आहोत. याबाबत पक्षकारांचे दोन टोकांचे समज ऐकू येतात. जुन्या वकिलाने ‘एनओसी’ (हरकत नसल्याची लेखी संमती) दिल्याशिवाय वकील बदलताच येत नाही, हा एक. नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर (वकील नेमल्याच्या अधिकारपत्रावर) सही केली की काम झाले, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३, नियम ४ नुसार एकदा दाखल झालेले वकीलपत्र चालूच राहते. ते संपते पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या मृत्यूने, त्या पक्षकारापुरते सगळे कामकाज संपल्यावर, किंवा दोघांपैकी एकाने सही करून लेखी दिल्यावर. हा लेखी कागद कोर्टाची परवानगी घेऊन दप्तरी दाखल व्हावा लागतो. ‘साहेब, उद्यापासून तुम्ही नको’ असे फोनवर सांगून किंवा व्हॉट्सॲपवर लिहून वकीलपत्र संपत नाही. त्याच आदेशाचा नियम ५ असा की, कोर्टाने वेगळे सांगितले नसेल तर वकिलावर बजावलेली नोटीस पक्षकाराला कळली असे धरले जाते. म्हणजे तुम्ही मनातून कधीच काढून टाकलेल्या वकिलाच्या टेबलावर नोटीस पडली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती तुम्हालाच मिळाली. शिवाय बहुतेक छापील वकीलपत्रांत तडजोड करण्याचे, कोर्टात जमा झालेली रक्कम उचलण्याचे, कागद परत घेण्याचे अधिकार दिलेले असतात. सही करताना ते वाचणारा पक्षकार विरळाच.

आता एनओसीबद्दल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील व्यावसायिक आचारसंहितेचा नियम ३९ नव्या वकिलावर बंधन घालतो. आधीच्या वकिलाचे वकीलपत्र दप्तरी असेल तर त्याच्या संमतीशिवाय नव्याने उभे राहायचे नाही. पण नियम तिथे संपत नाही. संमती मिळत नसेल तर ती का दाखल करता येत नाही याची कारणे देऊन कोर्टाकडे अर्ज करायचा आणि परवानगी मिळाल्यावर उभे राहायचे, हेही त्याच नियमात आहे. वकील निवडण्याचा हक्क पक्षकाराचा आहे. एनओसीमुळे दोन वकिलांमधला व्यवहार सुरळीत होतो, पण जुन्या वकिलाच्या हाती त्यामुळे नकाराधिकार येत नाही.

तरीही दहा पावले पुढे जाण्याआधी एक काम करावे, आणि ते घरबसल्या होते. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे सरकारी ॲप मोफत आहे. आपल्या दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक त्यात टाकला की आतापर्यंतच्या सगळ्या तारखा, प्रत्येक तारखेला काय झाले आणि पुढची तारीख कशासाठी आहे, हे दिसते. त्यापुढे जाऊन रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या कोर्टाच्या नोंदीची, नक्कल काढावी. ‘वादी व त्यांचे वकील पुकारले असता गैरहजर’, ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर’ अशा नोंदी ओळीने दिसल्या तर तुमची तक्रार खरी आहे. पण ‘मा. न्यायाधीश रजेवर’, ‘समन्स बजावणी न होता परत’, ‘प्रतिवादीतर्फे मुदत अर्ज’ असेच दिसत असेल तर वकील बदलून त्या तारखा कमी होणार नाहीत. नव्या वकिलालाही तेच न्यायाधीश, तेच बेलिफ आणि समोर तेच प्रतिवादी मिळणार आहेत. रोजनामा न वाचता वकील बदलणारे पक्षकार फार, आणि त्यातले बरेच वर्षभराने तिसऱ्या वकिलाच्या दारात उभे असतात.

बदलायचेच ठरले तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवे वकील पक्के करावेत, मग जुन्यांना निरोप द्यावा. उलटे केले तर मधली एखादी तारीख वाऱ्यावर जाते. नवे वकील कागद पाहिल्याशिवाय काम घेणार नाहीत, आणि घेत असतील तर तुम्हीच सावध व्हावे. हे कागद जुन्या वकिलांच्या फायलीवर अवलंबून न राहताही मिळवता येतात, कारण दाव्यातला पक्षकार स्वतःच्या सहीने नक्कल अर्ज देऊ शकतो. दावाअर्ज म्हणजे निशाणी १ (निशाणी म्हणजे दप्तरातल्या कागदाचा क्रमांक), निशाणी ५ चा मनाईचा अर्ज आणि त्यावरील आदेश, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, सरतपासाची (साक्षीदाराच्या मूळ जबानीची) प्रतिज्ञापत्रे, झालेले उलटतपास, दोन्ही बाजूंच्या कागदयाद्या आणि संपूर्ण रोजनामा यांच्या सही-शिक्क्याच्या नकला मागाव्यात. नकलेचा खर्च पानांवर असतो. तातडीची नक्कल जास्त पैसे भरून मिळते. दप्तर तपासणीचा अर्ज देऊन मूळ फाईलही पाहता येते. जुन्या दाव्यात दप्तर मोठे असले तर आधी तपासणी करावी, हवे त्या निशाणी क्रमांकांवर खुणा कराव्यात आणि तेवढ्याच नकला मागाव्यात. सरसकट मागितल्या तर पैसे आणि आठवडे दोन्ही जातात.

नव्या वकीलपत्राच्या मागे किंवा समासात जुने वकील ‘हरकत नाही’ असे लिहून तारखेसह सही करतात, त्यालाच आपण एनओसी म्हणतो. इथे एक बारकावा वारंवार चुकतो. जुन्या वकीलपत्रावर एकाच कार्यालयातल्या तीन-चार वकिलांची नावे आणि सह्या असतात. संमती फक्त एका कनिष्ठाची घेतली की मूळ वकिलांचे नाव दप्तरी तसेच राहते आणि पुढच्या तारखेला पुकारा झाला की दोघे उभे. ज्यांनी वकीलपत्र स्वीकारले त्या सर्वांची, निदान मुख्य वकिलांची सर्वांतर्फे म्हणून सही घ्यावी. जुने वकील मरण पावले असतील तर त्यांचे वकीलपत्र आपोआप संपते. संमतीचा प्रश्नच उरत नाही. तेवढे नमूद करून नवे वकीलपत्र द्यावे.

सही कोणी करायची यातही चुका होतात. वादी तीन भाऊ असतील आणि एकानेच वकील बदलला तर तो बदल त्या एकापुरताच असतो. उरलेल्या दोघांचे जुने वकील कायम राहतात आणि एकाच बाजूने दोन सूर निघतात. सहकारी संस्थेच्या वतीने सचिवाची सही पुरत नाही. वकील बदलण्याचा ठराव आणि सहीचा अधिकार देणारा ठराव सोबत लागतो. कंपनीचेही तसेच. अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीतर्फे तिचा दाव्यातला पालक सही करतो. तुरुंगात असलेल्या आरोपीचे वकीलपत्र तुरुंग अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले असावे लागते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांचे वडिलोपार्जित जमिनीचे दावे इथे चालतात, तिथे कुलमुखत्यार सही करतो. तेव्हा मुखत्यारपत्रात ‘वकील नेमणे व बदलणे’ हे शब्द आहेत का ते पाहावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही मुदत अनेकांना उशिरा कळते.

जुने वकील संमती देत नसतील तर भांडत बसू नये, कागद तयार करावा. एक साधे पत्र पुरते : ‘रे. मु. नं. (दाव्याचा क्रमांक) अमुक या कामी आपण माझ्यातर्फे दाखल केलेले वकीलपत्र मी समाप्त करीत आहे. यापुढे माझ्यातर्फे कोणताही अर्ज, पुरसीस, तडजोड अगर रक्कम काढण्याची कार्यवाही करू नये. माझे सर्व कागद आणि मूळ दस्त सात दिवसांत पोचपावतीवर परत द्यावेत व नवीन वकीलपत्रावर हरकत नसल्याची सही द्यावी.’ (पुरसीस म्हणजे कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन.) कारणे लिहू नयेत. आरोप लिहिले की समोरून उत्तर येते आणि वकील बदलण्याच्या साध्या अर्जाचे भांडण होते. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे, ईमेलही करावा. सात दिवस गेल्यावर नवे वकील नियम ३९ खालील परवानगीचा अर्ज, पत्राची प्रत, टपालाची पावती, पोचल्याचा पुरावा आणि नवे वकीलपत्र एकत्र दाखल करतात. शक्यतो पक्षकाराने त्या दिवशी हजर राहावे. न्यायाधीश बहुधा एवढेच विचारतात की वकील बदलण्याची इच्छा तुमची स्वतःची आहे ना. परवानगीचा आदेश त्या अर्जावरच होतो. त्याचीही नक्कल काढून ठेवावी.

फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवणे हा या विषयातला सगळ्यात नाजूक भाग. आमच्याच व्यवसायातली ही जुनी खोड आहे आणि ती बेकायदा आहे, हे वकील म्हणून लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २००० रोजी याचा निकाल लावला. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या कायदा सल्लागाराने ९७,१०० रुपये फी येणे आहे म्हणून बँकेच्या फायली परत देण्याचे नाकारले होते. न्यायालयाने सांगितले की, करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये ज्या ‘माला’वर ताबा ठेवण्याचा हक्क आहे, त्यात दाव्याची फाईल बसत नाही. फीसाठी वकिलाला स्वतंत्र दावा करता येईल, पण कागद अडवता येणार नाहीत. अडवणे हे गैरवर्तन आहे. २००३ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनीच्या प्रकरणातही न्यायालयाने हाच मार्ग धरला.

याची दुसरी बाजू पक्षकारांनी ऐकावी. फाईल अडवता येत नाही याचा अर्थ फी बुडवता येते असा नाही. झालेल्या कामाचे पैसे द्यायचे असतात. फी कोणत्या टप्प्यापर्यंत ठरली होती, किती दिली, किती राहिली याचा कागदच बहुतेकांकडे नसतो आणि मग दोघांचेही आकडे वेगळे निघतात. वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवावा आणि मागितल्यास, नकलेचा खर्च घेऊन, त्याची प्रत द्यावी असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. वकील स्वतःहून काम सोडत असेल तर नियम १२ प्रमाणे पुरेसे कारण आणि पुरेशी पूर्वसूचना लागते, आणि न केलेल्या कामाच्या वाट्याची फी परत करावी लागते. मोटार अपघाताच्या किंवा भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या कामांत ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असे तोंडी ठरलेले असते आणि वकील बदलताना ते टक्के मागितले जातात. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळकतीतला हिस्सा ठरवणे वकिलाला नियम २० ने मनाई आहे. असला करार लेखी असला तरी त्यावर विसंबून कोणी तुमची फाईल रोखू शकत नाही.

फाईल परत घेताना पिशवी उचलून घरी येऊ नये. तिथेच बसून यादी करावी : मूळ खरेदीखत, मृत्युपत्र, पावत्या, सातबारा व फेरफाराचे उतारे, नकला, सह्या केलेले कोरे कागद, कोरे धनादेश. हो, कोरे कागद. वेळेला उपयोगी पडावेत म्हणून पक्षकार पाच-सहा कोऱ्या कागदांवर सह्या करून देतात आणि विसरून जातात. ते परत घेऊन फाडावेत. मूळ दस्त कोर्टात दाखल झाला असेल तर तो वकिलाकडे नसणारच. तो कागदयादीत कोणत्या निशाणीला आहे ते पाहावे, नाहीतर जुन्या वकिलांवर उगाच आळ येतो. नोंदणीकृत दस्त खरोखरच गहाळ झाला असेल तर दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू आणि प्रमाणित प्रत मिळते. मात्र मूळ दस्त का नाही हे कोर्टाला पटवून मगच प्रत पुराव्यात घेता येते. म्हणून गहाळ झाल्याचे जुन्या वकिलांकडून लेखी घ्यावे.

वेळ कोणती निवडावी? कैफियत येऊन मुद्दे निघाल्यानंतर, साक्षी सुरू होण्यापूर्वी. नव्या वकिलाला सरतपासाचे प्रतिज्ञापत्र स्वतः तयार करता येते आणि पुराव्याची आखणी त्याच्या हातात राहते. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे महत्त्वाच्या साक्षीदाराचा उलटतपास अर्धा झालेला असताना, आणि त्याखालोखाल अंतिम युक्तिवादाच्या तोंडावर. त्या वेळी वकील बदलला तर मुदत मिळेलच असे धरू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७, नियम १ प्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. आपला वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे कारण चालत नाही, आणि वकील आजारी असेल तरी वेळेत दुसरा वकील देता आला नसता असे कोर्टाला पटावे लागते. अपवादाच्या परिस्थितीत तीनचा आकडा ताठर नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, पण ‘वकील बदलला’ हे अपवादाचे कारण म्हणून फार वेळा वापरून गुळगुळीत झाले आहे.

‘आधीच्या वकिलांनी नीट उलटतपास घेतला नाही, साक्षीदार परत बोलवा’ ही मागणी तर जवळजवळ प्रत्येक बदलानंतर येते. दिवाणीत आदेश १८, नियम १७ खाली साक्षीदार परत बोलावण्याचा अधिकार आहे, पण तो खुलाशासाठी. राहिलेली भगदाडे बुजवण्यासाठी नाही. फौजदारीत दिल्लीतला एक टॅक्सीचालक आरोपी असलेल्या बलात्काराच्या खटल्यात नवे वकील आले म्हणून उच्च न्यायालयाने १३ साक्षीदार पुन्हा बोलावण्यास परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये ती रद्द केली. केवळ वकील बदलणे हे साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण होऊ शकत नाही, असा तो निकाल. आता हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ मध्ये आहे, पण तत्त्व बदललेले नाही. तेव्हा झालेला उलटतपास झाला असे समजून पुढची आखणी करणारा वकील निवडावा. सगळे पुन्हा करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

बदलाच्या दिवसांत नेमके काय निसटते ते पाहू. निशाणी ५ वर मिळालेला तात्पुरता मनाई हुकूम पुष्कळदा ‘पुढील तारखेपर्यंत’ असतो आणि प्रत्येक तारखेला तो वाढवून घ्यावा लागतो. जुन्यांना वाटते नवे वकील येतील, नव्यांचे वकीलपत्र अजून दप्तरी नसते, पुकाऱ्याला कोणी नसते आणि हुकूम वाढत नाही. दुसऱ्या दिवशी समोरचा जेसीबी घेऊन शेतात. तुम्ही प्रतिवादी असाल तर कैफियतीची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवल्यास ९० दिवसांपर्यंत. वाणिज्य दाव्यात १२० दिवसांनंतर दारच बंद होते. वकील बदलल्याने हे दिवस पुन्हा एकपासून मोजले जात नाहीत. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला तर तो पुन्हा दाखलावर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घेण्याचीही मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसच आहे. निकाल लागून गेला असेल तर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत. नक्कल मिळायला लागलेला काळ यातून वगळला जातो, म्हणून निकालाची नक्कल मागण्याचा अर्ज वकील ठरेपर्यंत थांबवू नये. तो त्याच दिवशी स्वतः द्यावा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-ब खाली कोर्टाने तहकुबीसाठी बसवलेला खर्च पुढच्या तारखेला भरणे ही दावा किंवा बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट असते. जुन्या वकिलांच्या काळातला पाचशे-हजाराचा खर्च भरायचा राहिलेला असतो, नव्यांना तो माहीत नसतो आणि ऐन पुराव्याच्या दिवशी समोरचे वकील उठून रोजनाम्यातली ती ओळ वाचून दाखवतात.

एका वादातून कामे अनेक निघतात, हेही विसरले जाते. मूळ दावा, मनाई आदेशावरचे अपील, उच्च न्यायालयातली रिट याचिका, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, तहसीलदारांपुढचे फेरफाराचे काम, अशा प्रत्येक ठिकाणी वेगळे वकीलपत्र असते आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळे बदलावे लागते. आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये म्हणून जुन्या वकिलांच्या पत्त्यावर दाखल केलेले कॅव्हेट ९० दिवस जिवंत असते, त्याची नोटीस तिकडेच जाणार. ई-फायलिंगही जुन्या वकिलांच्या खात्यातून झालेले असते आणि तारखांचे एसएमएस त्यांच्याच मोबाइलवर जात राहतात. नवे वकीलपत्र देताना स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल दप्तरी नोंदवण्याची विनंती सोबतच करावी.

कधीकधी वकीलच निघून जातो. आपल्याकडे त्याला ‘नो इन्स्ट्रक्शन पुरसीस’ म्हणतात : पक्षकाराकडून सूचना नाहीत, सबब काम चालवू शकत नाही. पक्षकाराला कळवल्याचा पुरावा जोडल्याशिवाय अशी पुरसीस मंजूर होऊ नये. मलकियत सिंग विरुद्ध जोगिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वकिलाने सूचना नाहीत असे सांगितल्यावर कोर्टाने पक्षकाराला नोटीस काढायला हवी होती. तशी नोटीस न निघता एकतर्फी निकाल लागला असेल तर तो रद्द करून घेताना हा मुद्दा कामी येतो. पण ‘चूक वकिलाची, शिक्षा मला का’ या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये. १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल निकालाने खेड्यातल्या भाबड्या पक्षकाराला संरक्षण दिले खरे. त्यानंतर सलिल दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले की हा काही सरसकट नियम नाही. शिकलेला, शहरात राहणारा, हातात स्मार्टफोन असलेला पक्षकार तीन वर्षे तारीख पाहत नव्हता हे आता कोणाला पटवणे कठीण आहे.

फौजदारी कामात आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेणे हा घटनेच्या अनुच्छेद २२ ने आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४० ने दिलेला हक्क आहे. वकील बदलल्याने जामीन किंवा जामीनदार बदलत नाही. धोका असतो तो गैरहजेरीचा. धनादेश न वटल्याच्या खटल्यांत आरोपी स्वतः येत नाही, वकील हजेरी माफीचा अर्ज देत असतात. ते थांबले की पुढच्याच तारखेला वॉरंट निघते. म्हणून बदलाच्या तारखेला आरोपीने स्वतः हजर राहिलेले बरे. सरकारी खर्चाने वकील मिळालेला असेल तर बदलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यायचा. त्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे मागता येत नाहीत, मागितले असतील तर तेही लिहावे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी १५१०० आहे.

कौटुंबिक न्यायालयाचा मार्ग थोडा वेगळा आहे. तिथे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे वकील देणे हा हक्क नसून परवानगीचा विषय आहे, म्हणून नव्या वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्जही पाहावा. कामगार न्यायालयातल्या औद्योगिक वादात तर वकिलासाठी समोरच्याची संमतीही लागते. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतःच बाजू मांडू शकतो. वकील बदलण्याच्या खटाटोपापेक्षा छोट्या तक्रारीत ते सोपे पडते.

जुन्या वकिलांनी खरोखर नुकसान केले असेल तर तक्रार कुठे? ग्राहक आयोगात नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. वकील कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. ती एका वर्षात निकाली निघाली नाही तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्य कौन्सिलच्या आदेशावर ६० दिवसांत अपील करता येते. या तक्रारीतून तुमचा दावा दुरुस्त होत नाही आणि बुडालेली रक्कमही मिळत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच करावा लागतो. एनओसी आणि कागद हाती येण्यापूर्वी तक्रार केली तर दोन्ही अडकतात, असे दिसते. आणि जुन्या वकिलाला तुमच्याच प्रकरणात समोरच्याकडून उभे राहता येत नाही, तसेच तुम्ही विश्वासाने सांगितलेले उघड करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधले हे गोपनीयतेचे बंधन काम सुटल्यावरही कायम राहते.

या निमित्ताने दोन मागण्या. जिल्हा न्यायालयांनी दाखल विभागाच्या खिडकीवर मराठीत एका पानाचे तीन नमुने ठेवावेत : संमतीसह नवे वकीलपत्र, वकीलपत्र समाप्तीचे पत्र आणि संमतीविना परवानगीचा अर्ज. आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने फाईल हस्तांतराच्या पोचपावतीचा एकच नमुना ठरवून द्यावा. त्यात कागदाचे नाव, मूळ की प्रत, पाने, राहिलेल्या फीचा आकडा आणि पुढील तारीख असे पाच रकाने पुरेत. खाली तिघांच्या सह्या : जुने वकील, नवे वकील आणि पक्षकार.

आपले,
तालुका व जिल्हा न्यायालयांत वकिली करणारे काही वाचक